बुडापासून वर: चीनचे प्राचीन झिलईदार घट कसे पाहायचे

मोठ्या वस्तुसंग्रहालयाच्या चीन विभागात एक कपाट असं असतं की त्याच्यासमोर फारसं कुणी रेंगाळत नाही. आत चार-पाच मळकट हिरवे-तपकिरी घट असतात, अर्ध्या अंगाला चमक आणि अर्धं अंग कोरडं. पाटीवर 'ग्लेझ्ड स्टोनवेअर, हान काळ' एवढंच लिहिलेलं. पुढच्या दालनात निळी-पांढरी मिंग भांडी असतात, लोक तिकडे वळतात. हा लेख त्या मागे राहिलेल्या घटांबद्दल आहे. पायरीपायरीने ते कसे पाहायचे, ते कसे घडले हे कशावरून ओळखायचं, आणि हौस असेल तर त्यांची झिलई, म्हणजे अंगावरचा काचेसारखा थर, स्वतः करून कशी बघायची, हे सगळं इथे आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या घटांची सुरुवात झिलईने करू नका. आधी बूड बघा, मग अंग, आणि शेवटी झिलई. चीनच्या कुंभाराने आधी वेगळी माती ओळखली, मग ती सोसेल एवढी उष्णता देणारी भट्टी बांधली. झिलई हा या दोन्हींचा परिणाम आहे, आणि सुरुवातीला तर ती बहुधा आपसूकच उमटली असणार. पाहतानाही तोच क्रम ठेवला की घट बोलू लागतो.

पाहण्याआधी

मातीचं भांडं किती तापलं यावर त्याची जात ठरते. आपला कुंभार आव्यात माठ भाजतो तेव्हा उष्णता साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियस असते. माती पक्की होते, पण छिद्रं उघडी राहतात. म्हणून तर माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. उष्णता १,२०० अंशांपुढे गेली आणि माती ती सोसणारी असली, तर तिच्यातला काही भाग वितळून काच होतो, छिद्रं बुजतात आणि भांडं दगडासारखं टणक होतं. ते स्टोनवेअर. लोणच्याची बरणी याच जातीची. घरात जुनी बरणी असेल तर रिकामी करून उपडी ठेवा: बुडाची कडा कोरी, करड्या-पिवळसर रंगाची, आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच जिरत नाही. माठाच्या खापरावर तोच थेंब टाकला की क्षणात नाहीसा होतो. हा फरक बोटांना एकदा कळला की पुढचं सोपं जातं. बरणीच्या झिलईची कृती मात्र निराळी आहे, त्यामुळे तुलना अंगापुरतीच ठेवा.

आता काळाचा अंदाज. चीनमध्ये उच्च उष्णतेवर भाजलेली झिलईदार भांडी इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यावर, शांग राजवटीच्या सुमारास दिसू लागतात. मध्य चीनमधल्या झेंगझोऊ शहरात १९६५ साली सापडलेला रुंद तोंडाचा 'झुन' घट हा त्यातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध. त्याच काळातली अशी भांडी दक्षिणेकडे हुबेईतल्या पानलोंगचेंगला आणि जियांगशीतल्या वूचेंगलाही मिळाली. उत्तरेत, झेंगझोऊसारख्या ठिकाणी, सापडलेली भांडी तिथेच घडली की दक्षिणेतून आली, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण भट्ट्यांचा पुरावा दक्षिणेकडे भक्कम आहे, विशेषतः आजच्या झेजियांग प्रांतातल्या देचिंग आणि शांग्यू भागात. चिनी अभ्यासक या सुरुवातीच्या मालाला प्रोटो-पोर्सेलिन, म्हणजे पोर्सेलिनचं पूर्वरूप, म्हणतात. पुढे झोऊ काळ, मग हान (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०), आणि हान काळाच्या शेवटी शांग्यूच्या भट्ट्यांत पूर्ण पिकलेलं सेलाडॉन, म्हणजे हिरव्या झिलईचं टणक भांडं. युरोपात स्टोनवेअर यायला तेरावं-चौदावं शतक उजाडावं लागलं, तेही ऱ्हाइन नदीकाठी.

पायरी १: बूड

कपाटातला घट उचलता येत नाही, हे खरं. पण वाकून पाहता येतं, आणि बऱ्याच संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर तळाचा फोटो असतो. तो आधी उघडा.

पहिली गोष्ट रंग. झिलई नसलेल्या जागी माती राखाडी किंवा फिकट करडी असेल तर भट्टीत शेवटपर्यंत प्राणवायू कमी होता. तांबूस किंवा विटकरी साल दिसली तर भांडं निवताना हवा लागली, किंवा मातीत लोह जास्त होतं. हान काळातल्या घटांचा खालचा अर्धा भाग अनेकदा असाच तांबूस-तपकिरी असतो, आणि नवख्या माणसाला वाटतं की तिथली झिलई उडाली. उडालेली नाही, ती तिथे कधी नव्हतीच.

दुसरी गोष्ट तळावरच्या खुणा. बारीक, एकाच दिशेने वळत जाणाऱ्या रेषा दिसल्या की समजा, भांडं फिरत्या चाकावरून दोऱ्याने कापून काढलं आहे. वसंत-शरद काळापासून (झोऊ काळाचाच एक टप्पा, इ.स.पू. ७७० ते ४७६) या रेषा देचिंगच्या वाट्यांवर नेहमीच्या होतात. त्याआधीच्या भांड्यांचे तळ दाबलेले, थोडे वाकडे, कधी आत खोलगट.

तिसरी गोष्ट चट्टे. वाटीच्या आत तळाशी तीन-चार छोटे गोल डाग असतील तर ते मातीच्या गोळ्यांचे. एकावर एक वाट्या रचताना मध्ये या गोळ्या ठेवत, नाहीतर झिलई वितळून सगळी चळत एकमेकींना चिकटली असती. देचिंगच्या हुओशाओशान इथल्या भट्ट्यांत या गोळ्या मुबलक सापडल्या. पुढे तिसऱ्या-चौथ्या शतकात दातेरी कड्या आल्या, त्यांची खूण दातांच्या ओळीसारखी गोल उमटते. तळाला भट्टीतली वाळू किंवा खडे चिकटलेले असतील तर भांडं थेट जमिनीवर ठेवून भाजलं होतं. त्यापुढच्या युद्धमान राज्यांच्या काळात (इ.स.पू. ४७५ ते २२१) कारागिरांनी भांडी मातीच्या उंच आधारांवर ठेवायला सुरुवात केली, कारण उतरत्या भट्टीत जमिनीलगतची हवा सर्वांत थंड असते. एवढ्या साध्या बदलाने मालाचा दर्जा एकदम वर गेला. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत दुर्लक्षित सुधारणा.

पायरी २: अंग

आता नजर बुडावरून पोटावर न्या आणि शक्य असेल तर तोंडातून आत डोकवा. आतली बाजू कारागीर सजवत नाही, त्यामुळे ती खरं सांगते.

आत बोटांचे खोलगट ठसे, उंचसखल पृष्ठभाग आणि बाहेर जाळी, चौकोनी नागमोड किंवा कापडासारखी नक्षी असेल तर भांडं वळ्या रचून, थोपटून केलं आहे. मातीच्या लांब वळ्या एकावर एक चढवायच्या, आतून गोल गुंडा धरायचा आणि बाहेरून कोरलेल्या लाकडी थापीने ठोकायचं. आपल्या कुंभारवाड्यात माठाचं पोट फुगवताना आजही गुंडा आणि थापी याच रीतीने चालतात, फक्त थापी सपाट असते. चीनच्या दक्षिणेत थापीवरच नक्षी कोरलेली असे, त्यामुळे ठोकणं आणि सजवणं एकाच वेळी व्हायचं. ठोकल्याने माती घट्ट होते, वळ्यांमधले सांधे मिटतात आणि मोठं भांडं भाजताना उकलत नाही.

आत बारीक, एकसारखी चक्राकार कड असेल आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर काम चाकावरचं. हान काळातले मोठे घट पाहताना मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे नजर ठेवा. अनेक घटांचे भाग वेगळे करून नंतर जोडलेले असतात, आणि तो सांधा आतून बोटभर जाड राहतो.

अंगावरची नक्षीही घडणीचाच भाग समजून पाहा. खांद्यावर लाटांसारख्या चार-पाच समांतर रेषा दिसतात ना, त्या फणीने काढलेल्या आहेत: चाक हळू फिरतंय, हातातली फणी वरखाली होतेय. लाट कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते शोधा. जिथे टोकं जुळतात तिथे कारागिराचा हात अडखळलेला सापडतो. पोटावर उठावाच्या दोन-तीन कडा असतात, त्या ओल्या मातीच्या पट्ट्या बाहेरून चिकटवलेल्या. दोन्ही बाजूंचे कान साच्यात किंवा ठशाने केलेले, त्यावर नेच्याच्या पानासारखी नक्षी. कान चिकटवताना मातीचा पातळ राडा लावला जाई. कान तुटलेला असेल तर तो राडा तिथे स्पष्ट दिसतो.

पायरी ३: झिलई कुठे आहे आणि कुठे नाही

इथे थोडं थांबा. हान काळातला 'हू' नावाचा घट समोर आहे असं धरा: पसरट तोंड, बारीक मान, भरदार खांदा, खाली निमुळतं पोट आणि गोल पाय. आता वरून खाली क्रमाने या.

तोंडाच्या आतल्या बाजूला झिलई आहे. बाहेर मानेवर मात्र नाही, किंवा अगदी पुसट. त्याखाली खांद्यावर पुन्हा दाट हिरवट-पिवळी झिलई. पोटाच्या सर्वांत फुगीर रेषेपाशी ती थांबते आणि तिथून ओघळ सुटतात. त्याखाली कोरडी तांबूस माती. आणि घटात वरून दिवा टाकून पाहिलं तर आत, तळाच्या मधोमध, झिलईचा एक गोल तुकडा, साधारण मानेच्या आतल्या व्यासाएवढा.

हे बुडवून किंवा ब्रशने लावल्याचं लक्षण नाही. राख वरून पडली, पावसासारखी सरळ खाली. जे वर तोंड करून होतं तिथे साठली: काठ, खांदा, आतला तळ. जे आडोशाला होतं तिथे पोचली नाही: पसरट तोंडाने मानेवर छत्री धरली आणि फुगीर पोटाने खालच्या भागावर. ही राख भट्टीतल्या लाकडाची आपोआप उडालेली होती की कारागिराने चाळणीने मुद्दाम भुरभुरली होती, यावर दोन मतं आहेत. घटासमोर उभं राहून अंदाज बांधायचा असेल तर घेरा बघा. झिलई एकाच बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ असेल तर ज्वाळेच्या दिशेने आलेल्या राखेचा वाटा मोठा. चारी बाजूंनी खांदा सारखाच दाट असेल तर माणसाचा हात असण्याची शक्यता जास्त.

शांग आणि झोऊ काळातल्या भांड्यांवर चित्र वेगळं दिसतं. तिथे झिलई पातळ आहे, बऱ्याचदा आतबाहेर दोन्हीकडे, पायापर्यंत आलेली. पश्चिम झोऊ, म्हणजे झोऊ काळाच्या पहिल्या टप्प्यातल्या वाट्यांवर कधी ब्रशचे फटकारे ओळखू येतात. नंतर भांडं राखमातीच्या पातळ द्रावात बुडवायची रीत रुळली. म्हणजे हान काळातली वरून पडणारी राख ही जुन्या तंत्राची पुढची पायरी नव्हे. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुमारास चू राज्याने झेजियांगच्या भागातलं युए राज्य मोडलं, आणि तिथला झिलईदार मालाचा जोर ओसरला. हान काळात काम पुन्हा सुरू झालं ते वेगळ्या वळणाने. कारागिरी सरळ रेषेत वाढत जाते अशी आपली समजूत असते, तिला हे घट चांगला तडा देतात.

पायरी ४: रंग, ओघळ, पापुद्रे

राखेने काच कशी होते? लाकडाच्या राखेत चुना भरपूर असतो. मातीत सिलिका आणि ॲल्युमिना. ही तीन द्रव्यं सुटी घेतली तर १,७०० अंशांच्या आत एकही वितळत नाही. पण ठरावीक प्रमाणात एकत्र आली की मिश्रण ११७० अंशांनाच वितळतं. चीनच्या दक्षिणेतल्या कुंभाराला रसायनशास्त्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. भट्टी एवढी तापली की भांड्याच्या खांद्यावर काच चढते, एवढं त्याने पाहिलं आणि पुढच्या वेळी राख स्वतः कालवली.

रंग लोहाचा. झिलईत दोन-तीन टक्क्यांच्या आसपास लोह आणि भट्टीत धूर कोंडलेला, तर हिरवट किंवा निळसर करडा रंग. तेच लोह हवा मिळाल्यावर पिवळं, मधासारखं किंवा तपकिरी. एकाच घटाची एक बाजू हिरवी आणि दुसरी पिवळट दिसते, याचा अर्थ भट्टीत त्याच्या एका बाजूने वारा फिरला. चौथ्या शतकात देचिंगच्या भट्ट्यांनी लोहाचं प्रमाण मुद्दाम वाढवून काळी झिलई काढली, तीही राखेच्याच पायावर.

चुन्याची झिलई वितळली की पाण्यासारखी पातळ होते आणि धावते. म्हणून ओघळ, म्हणून खोलगट रेषांत साठलेले गडद थेंब, म्हणून उंच कडांवर जवळजवळ नुसती माती. फणीच्या लाटा हिरव्या झिलईखाली इतक्या उठून दिसतात त्याचं कारण हेच: खाचेत झिलई जाड, म्हणून गडद. आणि जिथे झिलई सालीसारखी पापुद्रे सोडते, तिथे समजा की अंग आणि झिलई निवताना सारखी आकसली नाहीत, किंवा उष्णता एवढी नव्हती की दोघं एकजीव व्हावीत. शांग-झोऊ काळातल्या भांड्यांचा हा नेहमीचा रोग. पूर्व हान, म्हणजे हान काळाच्या उत्तरार्धाच्या शेवटी शांग्यूच्या श्याओश्यानतान भट्टीतल्या खापऱ्यांत तो उरलेला नाही. तिथलं अंग पाणी जवळजवळ शोषत नाही आणि झिलई अंगाला घट्ट धरून आहे.

हे सारं ज्या भट्टीत व्हायचं तिला चिनी लोक ड्रॅगन भट्टी म्हणतात. टेकडीच्या उतारावर आडवा पडलेला बोगदा, खालच्या टोकाला चूल, वरच्या टोकाला धूर जायला वाट. उतारच धुराड्याचं काम करतो: गरम हवा आपण होऊन वर चढते आणि मागून ज्वाळा ओढत नेते. शांग काळातल्या भट्ट्या जेमतेम पाच-सहा मीटर लांब होत्या. त्यांचा तोटा उघड होता: चुलीजवळचा माल जास्त भाजायचा, शेपटीकडचा कच्चा राहायचा. पुढे बाजूला छिद्रं ठेवून मधूनमधून लाकूड टाकायची युक्ती निघाली, तेव्हा भट्टी कितीही लांबवता येऊ लागली. नंतरच्या शतकांत अशा भट्ट्या पन्नास मीटरच्या पुढे गेल्या.

पायरी ५: हा आकार कुणाचा?

हू, डिंग (तीन पायांचं पातेलं), झुन ही नावं मुळात काशाच्या भांड्यांची. मातीच्या घटावर धातूच्या खुणा शोधा: कानात अडकवलेली मातीची कडी, जी कधीच हलणार नाही, पोटावरच्या उठाव कडा, राक्षसाच्या तोंडाचा ठसा. कांस्य महाग आणि राजाच्या मुठीतलं. माती स्वस्त, आणि तिच्यावर हिरवी झिलई चढली की लांबून तिचा तोरा थोडा काशासारखाच.

याची कमाल पाहायची असेल तर जियांगसूतल्या वूशी शहराजवळचं होंगशान. तिथल्या युए राज्याच्या सरदारांच्या थडग्यांचं उत्खनन २००३ ते २००५ दरम्यान झालं आणि त्यातून झिलईदार मातीची वाद्यं शेकड्यांनी निघाली: टांगायच्या घंटा, ठोकायच्या घंटा, लटकवायच्या घुंगरासारख्या घंटा, नागांनी वेढलेली नगाऱ्याची बैठक. आकार, नक्षी, अगदी काशाच्या घंटेवरचे गोंड्यांसारखे उंचवटेसुद्धा जसेच्या तसे. वाजवण्यासाठी हे नव्हतं, मेलेल्या धन्याबरोबर पुरण्यासाठी होतं. पुढे देचिंगच्या टिंगझिचियाओ भट्टीचं उत्खनन २००७-०८ मध्ये झालं आणि तिथे याच जातीच्या घंटांचे तुकडे मिळाले. म्हणजे राजघराण्याच्या मागणीवर चालणारी भट्टी आणि तिचा माल जिथे गेला ती थडगी, दोन्ही हाती आली. पुरातत्त्वात असं क्वचित घडतं.

माझा कल मात्र या घंटांपेक्षा त्याच भट्ट्यांच्या साध्या वाट्यांकडे आहे. पातळ भिंत, सरळ काठ, आत चाकाची एकच वाहती कड. घंटेत कारागीर दुसऱ्या द्रव्याची नक्कल करतोय. वाटीत तो मातीला जे येतं तेच करतो.

पायरी ६: काळाचा अंदाज

वरच्या पाच पायऱ्या जोडल्या की अंदाज बऱ्यापैकी जमतो. थोपटलेलं अंग, छापील नक्षी, रुंद तोंड आणि टोकदार खांदा, पातळ पिवळट-हिरवी झिलई: शांग किंवा पश्चिम झोऊच्या बाजूने विचार करा. आन्हुईतल्या तुन्शी इथे १९५९ मध्ये उघडलेल्या थडग्यांतल्या उभ्या पायाच्या ताटल्या याच घराण्यातल्या. चाकाच्या रेषा, वाट्या-पेले, गोळ्यांचे डाग, काशाची हुबेहूब नक्कल: वसंत-शरद आणि युद्धमान राज्यं. खांद्यावरच झिलई, खाली तांबूस माती, फणीच्या लाटा: हान. सगळीकडे सारखी करडी-हिरवी झिलई, कोंबड्याच्या डोक्याची चोच असलेली सुरई, काठावर गडद तपकिरी ठिपके: तिसरं-चौथं शतक. कोंबड्याची चोच सुरुवातीच्या काही सुरयांवर भरीव असते, तिच्यातून पाणी येतच नाही. पाटी वाचण्याआधी स्वतः अंदाज करा आणि मग ताडून बघा; डोळा असाच तयार होतो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी आहेत, पण तो माल मुख्यतः नंतरच्या काळातला. सुरुवातीचं काम पाहायचं तर शांघाय, नानजिंग किंवा हांगझोऊ. चीनबाहेर ऑक्सफर्डचं ॲशमोलियन हिरव्या झिलईसाठी उत्तम.

विकत घ्यायचा विचार मनात आलाच तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चीनच्या नियमानुसार १९११ पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे 'परवाच चीनमधून आणला' असं सांगणारा विक्रेता एकतर कायदा मोडतोय किंवा थाप मारतोय. आणि थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा (माती शेवटची कधी भाजली ते सांगणारी चाचणी) कागद दाखवला तरी ती चाचणी बुडातून काढलेल्या चिमूटभर मातीची असते. जुन्या बुडावर नवं अंग जोडलेले घट बाजारात फिरतात.

हातांनी करून बघा: राखेची झिलई

घट करण्याची गरज नाही, तीन फरश्या पुरतात. लागणारी भट्टी मात्र १,२६० अंशांच्या आसपास जाणारी हवी. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच स्टुडिओंत ती असते आणि थोड्या पैशांत दुसऱ्याच्या फरश्या भाजून देतात.

माती: स्टुडिओतली तयार स्टोनवेअर माती घ्या. गावच्या कुंभाराची लाल माती फरशीसाठी वापरू नका. तिच्यात लोह आणि वितळवणारे क्षार जास्त, १,२०० अंशांपुढे ती फुगते किंवा बसून भट्टीच्या फळीला चिकटते. तीच लाल माती झिलईत मात्र फार उपयोगी पडते. एल आकाराच्या फरश्या करा, म्हणजे उभ्या राहतील आणि ओघळ दिसेल. उभ्या भागावर फणीने एक लाट ओढा.

राख: लाकडी चुलीवरच्या बेकरीची किंवा तंदूरची राख चालते. आंबा, बाभूळ, जे मिळेल ते. तुसाची राख नको, ती जवळपास सगळी सिलिका असते आणि एकटी वितळत नाही. गोवरीची राखही टाळा. कोळसे काढून राख बादलीभर पाण्यात भिजवा, निवळ पाणी ओतून टाका, हे दोन-तीनदा करा. हातमोजे घाला, राखेचं पाणी कातडी खातं. मग गाळणीतून गाळा, वाळवा, आणि कोरडी हाताळताना मास्क लावा.

मिश्रण: वजनावर तीन प्रमाणं करा. पहिलं ४० भाग राख आणि ६० भाग वस्त्रगाळ लाल माती, दुसरं निम्मं-निम्मं, तिसरं ६० राख आणि ४० माती. पाणी घालून पातळ सायीइतकं करा. प्राचीन चीनमध्ये कच्च्या भांड्यावरच झिलई लावून एकदाच भाजत. पहिल्या वेळी तुम्ही कच्चं भाजलेल्या फरशीवर लावा, फुटण्याचा धोका कमी. वरच्या दोन तृतीयांश भागावर ब्रशने दोन हात द्या. खाली जागा कोरी ठेवा, आणि फरशीखाली मातीची चकती ठेवायला विसरू नका, नाहीतर भट्टीवाला पुढच्या वेळी दारातून परत पाठवेल. चौथी फरशी हवी असेल तर तिला आडवी ठेवून वरून नुसती कोरडी राख चाळणीने भुरभुरा: हा हान काळातला हू.

भाजणी: विजेच्या भट्टीत हवा खेळती असते, रंग पिवळा-मधासारखा किंवा तपकिरी येईल. गॅसच्या भट्टीत धूर कोंडला तर हिरवा. दोन्हीकडे एकेक संच गेला तर फारच चांगलं, पायरी ४ मधला सगळा उतारा डोळ्यांपुढे येईल.

निकाल: झिलई कोरडी, खडबडीत, चमक नसलेली राहिली तर एकतर उष्णता कमी पडली किंवा माती जास्त झाली, आधी भट्टीवाल्याला विचारा, मग प्रमाण बदला. झिलई धावून चकतीवर डबकं झालं असेल तर राख जास्त. फणीच्या खाचेत गडद आणि कडेवर फिकट असा फरक दिसला की बरोबर जागी पोचलात. झिलई सालीसारखी निघत असेल तर ती फार जाड लागली आहे किंवा तुमच्या मातीशी तिचं पटत नाही. दुसरी माती घेऊन बघा.

आवडलेलं प्रमाण वाटीवर लावायचं ठरवलं तर एक शेवटची तपासणी करा. लिंबाची फोड झिलईवर रात्रभर पालथी ठेवा. सकाळी तिथला रंग फिका पडला किंवा चमक गेली असेल तर ती वाटी फुलांसाठी ठेवा, आमटीसाठी नको.